कामिनीताई बोटांनी वाचतात

नागपुरात सदरमध्ये एका जिन्याखाली कामिनीताईंचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तेरवीच्या पत्रिका, कुणा निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र, जे येईल ते. सुरुवात मराठी टाइपरायटरवर केली, पुढे कॉम्प्युटर आला. तो बिघडला की मला फोन येतो.

त्यांचा एक नियम आहे. माणूस बोलेल ते सगळं आधी टाइप करायचं, गाळायचं नंतर. "बोलणाऱ्याले मधात तोडू नये," असं त्या म्हणतात. अर्थाकडे लक्ष देत नाहीत. कानातलं सरळ बोटांत जातं. नाहीतर इतक्या लोकांची दुःखं रोज घरी न्यावी लागली असती.

मे महिन्यात त्यांच्या मशीनने स्वतःहून अपडेट घेतलं. या अपडेटांचा मला मनापासून राग आहे. आपण गावाला गेलो असताना कोणी आपल्या स्वयंपाकघराची मांडणी बदलून ठेवावी, तसलाच हा प्रकार. टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर मशीनच्या मागे खोचलेल्या, पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका छोट्या कुलपावर चालायचं. नवी सिस्टीम ते कुलूप ओळखेना. सॉफ्टवेअरबरोबर फॉन्टही गेले. फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस नि स्वल्पविराम. जुन्या सिस्टीमवर परत जायला दहा दिवसांची मुदत असते. ताईंनी मला बोलावलं तीन आठवड्यांनी.

मी गेलो तेव्हा बाकावर उमरेडची रीना बसली होती आणि शेजारी तिचे वडील, वामनराव. हातमागावरचे जुने कारागीर. मागच्या वर्षी त्यांनी इथे बसून स्वतःची हकिगत सांगितली होती, रोज तासभर. मग हकिगत अर्धीच असताना, दिवाळीच्या आधी पक्षाघात झाला आणि वाचा गेली. उजवी बाजूही गेली. मान हलते, पण हो की नाही ते कळत नाही. आज दवाखान्यात दाखवायला आणलं, तेव्हा रीनाला वाटलं, ती फाइल छापून घरी न्यावी.

दुपारपर्यंत मी खटपट केली. कुलपाचा ड्रायव्हर तीनदा टाकला. दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलून देणारे प्रोग्राम लावून पाहिले, पण हा फॉन्ट त्यांतल्या एकालाही माहीत नव्हता. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

"नाही जमत," मी म्हणालो.

"म्हणजे बाबांचं बोलणं गेलं?" रीनाने विचारलं.

कामिनीताईंनी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावरचं एक अक्षर पाहिलं, त्याची कळ दाबली. "हे तर क आहे गा, उन्मेष. अन् हा काना." त्या सॉफ्टवेअरच्या कळांची मांडणी जुन्या टाइपरायटरचीच होती. पडद्यावर काय उमटतं ते त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हतं, बोटांना कळत होतं. त्या एकेक कळ दाबत बोलायला लागल्या. रीनाने वही काढली.

"माहा जन्म उमरेडले झाला. घरात दोन माग होते."

वामनरावांनी मान वर केली. अर्ध्या चेहऱ्याने ते हसले. मला भरून आलं, ते मी लपवत नाही. ताणा कसा लावायचा, काठ कुठे चुकतो, बायको कशी तापट होती, सगळं येत गेलं. रीना लिहीत होती आणि मधूनच हसत होती.

पण बोटांनी वाचणाऱ्याला पुढचं दिसत नाही. डोळे वाक्याच्या पुढे धावतात, बोटं एकेका अक्षराने जातात. तोंडातून शब्द बाहेर पडेपर्यंत ताईंनाही काही पत्ता नसायचा.

"रीनाची माय गेली, त्याच साली रीनाले नर्सिंगचं पत्र आलं. नागपूरले बोलावलं होतं. मी ते लपवलं. तिले म्हटलं, तुही निवड नाही झाली. माग एकट्यानं चालत नव्हता. हे लिहू नका बाई. रीनाले माहीत नाही."

बोटं थांबली. रीनाने 'हे लिहू नका' इथपर्यंत लिहिलं होतं.

गेले सात महिने वडिलांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं तीच करते. कुठे शिकली नाही, तरी चांगलं करते. ती उठून बाहेर गेली आणि फुटपाथवर पाठ करून उभी राहिली. म्हातारा दाराकडे बघत होता. मला त्याचा भयंकर संताप आला होता, आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

पंधरा मिनिटांनी ती आत आली. दुपारची गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने पाजली, हनुवटी पुसली. मग समोर उकिडवी बसली.

"ते पत्र कुठं आहे, बाबा?"

वामनरावांनी तोंड उघडलं. नुसता आवाज आला.

"फाडलं का?"

पुन्हा तोच आवाज. मान हलली, पण कशी ते कोणालाच कळलं नाही.

कामिनीताई पडद्याकडे वळल्या. या वेळी ओठ मिटून त्यांनी फाइल शेवटपर्यंत बोटांखालून काढली. दोनच ओळी उरल्या होत्या.

"काय लिहिलं आहे, ताई?"

"काही नाही वं," त्या म्हणाल्या. "चहा आला, म्हणे. बाकीचं उद्या सांगतो."