लामत्याची यमुना आणि आमचे डॉक्टर

डॉ. नारायणराव लांजेवार यांची नि माझी पहिली भेट जवळजवळ भांडणातच झाली. राज्यं वेगळी झाली आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, त्या वर्षी इथल्या दवाखान्यातली मराठी माणसं नागपूरकडे बदली मागत होती, आणि हे गृहस्थ नागपूर सोडून इकडे आले! मी ऑपरेशनच्या खोलीतली नर्स. "इथं एक्स-रेचं यंत्र धड चालत नाही, हाडांचे डॉक्टर काय करणार?" असं मी तोंडावरच विचारलं. "बाई, मी इथल्याच हट्टा गावचा. घरी आलो," एवढंच ते म्हणाले.

घरची गोष्ट मला पुढे कळली. त्यांच्या वडिलांचा पाय मोडला, तेव्हा गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून तो करकचून आवळला. घट्ट बांधलं म्हणजे चांगलं बांधलं, अशी आमच्याकडची समजूत. पाय सडला, वडील गेले. म्हणूनच उशिरा आलेल्या माणसावर डॉक्टरांनी कधी आवाज चढवला नाही. ते काम माझ्याकडे होतं.

लामता गावची यमुना आली तेव्हाही मीच कडाडले. चिंचेवरून पडलेली लहानगी पोर, कामट्यांखाली बोटं काळीठिक्कर. "इतके दिवस डोळे मिटून बसला होतास का रे?" बाप हात जोडून म्हणाला, "बाई, बोटं काळी पडली त आमाले वाटलं, खराब खून उतरून राह्यला." डॉक्टरांनी मला गप्प केलं आणि ते त्याच्याशेजारी बाकावर बसले. म्हणाले, "हात कोपराच्या वरून काढावा लागेल. नाहीतर पोर हाती लागत नाही."

"बिनहाताच्या पोरीले कोन करून घेईन, साहेब? राहू द्या. घरी नेतो." घरी नेणं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं.

डॉक्टर मग यमुनेपाशी गेले. गुंगी देण्याआधी रोग्याला खरं सांगायचं, मग तो पोर का असेना, ही त्यांची रीत. मला ती क्रूर वाटे, आजही वाटते. पोर ऊर फुटेस्तोवर रडली. मग म्हणाली, "बाबा, मले मराचं नाही." बापानं होकाराची मान हलवली.

तो हात फडक्यात गुंडाळून बापासोबत वैनगंगेच्या काठी पुरायला डॉक्टर स्वतः गेले. पुढच्याच आठवड्यात ते लामत्याला, यमुनेचा हात बांधणाऱ्या माणसाच्या ओसरीवर जाऊन बसले. नख दाबून रक्त परत येतं का, ते कसं पाहायचं, हे त्यांनी त्याला दाखवलं. "शिव्या दिल्या तर तो लपून बांधेल," असं मला म्हणाले. त्यानंतर लामत्याहून लोक वेळेत येऊ लागले. दुसऱ्या गावांतून मात्र काळी बोटं येतच राहिली.

आता त्यांची साठी झाली. हात थरथरतो, म्हणून शस्त्रक्रिया त्यांनी आपणहून थांबवल्या. या गौरवग्रंथात यमुनेची गोष्ट लिहिते म्हटलं, तेव्हा म्हणाले, "आधी यमुनेला विचारा. तिला पटत असेल तरच छापा."

मी लामत्याला गेले. बापाचं भय खरं ठरलं होतं. यमुनेचं लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहते. डॉक्टरांचा निरोप मी तिला सांगितला. मग ती जे बोलली, त्यापुढे माझ्या शुभेच्छा फिक्या आहेत. म्हणून अभीष्टचिंतन तिच्याच तोंडचं लिहिते:

"छापा जी. माय गेली, बाबा गेले. माहा तो हात कुठी पुरला, हे ठाव असनारं मानूस आता थेच एक हायेत. त्याइले म्हना, तब्येत सांभाळा, लय वर्सं जगा."