टॅबवर न वाजलेला गजर

माझ्या नावापुढे बी.कॉम. लागलं ते माझ्या आत्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून मी बारावी झालो आणि पुढे मला मुंबईला ठेवायचं कुठे, हे वडील येईल त्या माणसाला विचारत बसले. हे आत्याच्या कानावर गेलं तेव्हा तिने घाटकोपरहून फोन केला. "लोकांका कित्या इचारतंस? धाड तेका हंय," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. डोंगरावर तिची एकच खोली. मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरून ती संध्याकाळी घरी यायची आणि मी अभ्यासाला बसलेलो दिसलो की स्टोव्हसुद्धा हलक्या हाताने पेटवायची. माझा निकाल लागला त्या दिवशी तिने अख्ख्या चाळीत पेढे वाटले. पास झालेला मी होतो, पण लोक अभिनंदन तिचं करत होते. मला ते बरोबरच वाटलं.

आता मी अंधेरीला एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. गेल्या दिवाळीत मी आत्याला टॅब घेऊन दिला. तिने त्याला हळदकुंकू लावलं, तर कुंकवाच्या बोटाने स्क्रीनवर काहीतरी दाबलं गेलं आणि आतून एक बाई इंग्रजीत बोलू लागली. "बघ, आशीर्वाद देता," असं म्हणून आत्याने तो गणपतीच्या तसबिरीखाली ठेवला.

आत्या बुवा आहे, हे इथे सांगायला हवं. आमच्या कोकणातल्या भजनात जो पेटी वाजवून गातो तो बुवा. आता उपनगरांत बायकांचीही भजनी मंडळं झाली आहेत. त्यांची मुख्य गाणारी बाई असली तरी तिला बुवाच म्हणतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आत्याने चाळीतल्या आणि आसपासच्या बायका गोळा करून मंडळ काढलं. साठी उलटल्यावर ती पेटी शिकली. आणि या माघी गणपतीला तिला मानखुर्दचं आमंत्रण आलं, डबलबारीचं. डबलबारीत दोन मंडळं समोरासमोर बसतात. एक गातं, दुसरं त्याला गाऊन उत्तर देतं, आणि अधूनमधून एकमेकांना चिमटे काढतात. आत्याची ही पहिलीच डबलबारी.

तिला तिथे एकच गोष्ट गायची होती. माझ्या आजोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या चालीतला गजर. गजर म्हणजे भजनाचा तो भाग, जिथे लय वाढत जाते आणि ऐकणारासुद्धा टाळ्या धरतो. आजोबा गावचे बुवा होते आणि ही चाल त्यांनी स्वतः बांधली होती. अडचण अशी, की आत्याला ती अर्धीच येत होती.

"अर्धी का?" मी विचारलं.

"अरे, बाप्ये पडवीत भजन करीत आणि आमी बायका आत. गजर सुरू झालो की आयेची हाक येय, 'गो, चाय ठेव!' गजर संपासर चाय तयार होवक व्हयी ना. मगे चुलीच्या धुरात काय ऐकू येतला? इतक्या वर्सांत एकदासुद्धा माका फुडचा ऐकूक गावला नाय."

आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासोबत गाणारे कोरसवालेही एकेक करून गेले. पण त्यांच्या अखेरच्या काळातल्या एका भजनाचं कुणीतरी बटणांच्या मोबाइलवर चित्रीकरण केलं होतं, आणि गावातल्या एका उत्साही माणसाने ते तेव्हा काढलेल्या गावाच्या वेबसाइटवर चढवलं होतं. ती साइट अजून जिवंत आहे असं मला कळलं. मी रविवारी छाती फुगवून आत्याकडे गेलो, टॅब काढला, पान उघडलं. वर गावच्या देवळाचा फोटो, खाली आजोबांचं नाव, आणि त्याखाली एक करडा चौकोन. चौकोनात इंग्रजीत एक ओळ.

आत्या चष्मा लावून वाट बघत होती. बराच वेळ झाला तरी चौकोन हलेना.

"काय म्हणता तो?"

"म्हणतो, हा प्रकार मला चालवता येत नाही."

"येना नाय तर शीक म्हणान सांग तेका. मी ह्या वयात पेटी शिकलंय."

मी तिला समजावलं, की पूर्वी वेबसाइटवर व्हिडिओ दाखवायला वेगळी जोडणी लागायची, ती आता जगभरात बंद झाली, नवीन टॅबमध्ये ती येतच नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जुनो माणूस आसा, पण तेची भाषा समजणारो कोण रवलो नाय." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मग माझे उद्योग सुरू झाले. मी दुसरा ब्राउझर टाकून पाहिला. टॅबने आपण संगणक आहोत असं भासवायची एक सोय असते, तीही केली. चौकोन फक्त लहान झाला. 'सर्व प्रकारचे व्हिडिओ चालतील' असं छातीठोक सांगणारी ॲप उतरवली. त्यांनी केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती फार सुंदर चालवल्या. साइटच्या मालकाला मेल लिहिला, तो जसाच्या तसा परत आला. शेवटी एका दुपारी ऑफिसात डबा बाजूला ठेवून मी ते पान संगणकावर उघडलं आणि पानामागची सगळी अक्षरं वाचत गेलो. कॉलेजात कुणी हे शिकवलं नव्हतं, पण इंग्रजी ओळीला न घाबरण्याइतकं शिकवलं होतं. त्या जंगलात एका ठिकाणी फाइलचा पत्ता सापडला. तो पत्ता चालवला आणि फाइल माझ्याकडे उतरू लागली. मी इतक्या जोरात "आली!" म्हणालो की शेजारच्याला वाटलं पगार आला.

पुढच्या रविवारी अख्खं मंडळ आत्याच्या खोलीत जमलं. पखवाज वाजवणारी ताई कुर्ल्याहून आली होती. हाताने जितकी वेगवान, तितकीच तोंडाने. मी नवीन प्लेअरमध्ये फाइल उघडली आणि चित्र हललं. आमची पडवी. कंदिलाऐवजी ट्यूबलाइट. पांढरी टोपी घातलेले आजोबा, समोर पेटी. आत्याने एकदम पदर तोंडाला लावला.

आजोबांनी तोंड उघडलं. आवाज नाही. पखवाजवर थाप पडली. आवाज नाही. टॅबवर खाली एक पट्टी आली: आवाजाचा प्रकार चालत नाही.

"बाबांचो आवाज खंय गेलो?" आत्याने विचारलं.

मी आवाजाचं बटण दाबत सुटलो. कुर्ल्याची ताई म्हणाली, "काय साहेब, कंपनीत पण असंच करता का? आकडे दाखवायचे आणि पैसे गायब?" सगळ्या हसल्या. मला मात्र रडू येईल असं वाटत होतं. बारी पंधरवड्यावर आली होती.

"गप रवा गो," आत्या म्हणाली. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. टॅब तिने नाकाजवळ नेला होता. "बाबांची बोटां दिसतत रे. परत लाव."

मी परत लावलं. तिने पेटी ओढून घेतली, टॅब समोर उभा केला, आणि आजोबांची बोटं ज्या पट्टीवर पडत होती त्या पट्टीवर आपलं बोट ठेवलं. एक सूर निघाला. मग दुसरा. चित्र पुढे पळालं की मी ते मागे आणत होतो. कुर्ल्याची ताई आतापर्यंत पाय पसरून बसली होती. ती सरसावून पुढे आली. "थांब, थांब, तो पखवाजवाला दाखव. डावा हात बघ त्याचा. अगं बुवा, हा तर धावतोय! मला वाटलं साधाच ठेका असेल." तिने मांडीवर वाजवून बघितलं, मग पखवाजवर. बाकीच्या बायका कोरसवाल्यांची तोंडं बघून, ओठ कधी मिटतात आणि कधी उघडतात, त्यावरून ओळी कुठे पडतात ते पकडू लागल्या. एक म्हणायची, "इथे 'आ' आहे", दुसरी म्हणायची, "हट, जांभई देतोय तो!" आणि परत हशा.

अशी ती मुकी चाल आत्याच्या खोलीत सुरासुराने बोलू लागली. एकाच ठिकाणी सगळं अडलं. गजर ऐन रंगात आला असताना समोर बसलेल्या एका माणसाची टोपी मध्ये आली आणि आजोबांचा चेहरा आणि बोटं दोन्ही झाकली गेली. टोपी बाजूला झाली तोवर चाल पुढे गेलेली होती.

"ह्या टोपयेक काय झाला मरान!" आत्या चिडली. किती वेळा लावलं तरी टोपी तिथेच. शेवटी तिने डोळे मिटले, भाता ओढला आणि टोपीच्या अलीकडच्या सुरापासून पलीकडच्या सुरापर्यंत स्वतःच एक जागा घेतली. वर चढली, जरा रेंगाळली, आणि हळूच उतरली. ताई म्हणाली, "झकास. हेच असणार."

आवाज मिळवायचा मी नाद सोडला नव्हता. तो जुन्या मोबाइलांतला प्रकार होता, आणि बदलून देणारी एक मोफत सोय मला अखेर सापडली. बारीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आजोबांचा आवाज माझ्या कानात वाजला. मी पूर्ण ऐकला नाही. सुरुवात ऐकली, आणि पहिला मान आत्याचा म्हणून बंद करून मेट्रोने थेट घाटकोपर गाठलं.

"आत्या, आवाज आला!"

तिचा चेहरा उजळला. हात टॅबकडे गेला आणि मध्येच थांबला. मग तिने तो टॅब उलटा करून गादीखाली सरकवला.

"आता नको."

"अगं, पण ह्याच्यासाठीच तर..."

"थंय काय येगळा निघाला, तर उद्या माजी गाडी मदीच अडकात. बारी होवंदे."

मी रात्रभर चुळबुळत राहिलो. ती घोरत होती.

मानखुर्दला दुपारी मांडव भरला. समोरच्या बुवा तयारीच्या, चार गावं गाजवलेल्या. माइक हातात घेऊन म्हणाल्या, "घाटकोपरच्या बुवा डोंगर उतरून दमल्या असतील. त्यांना आधी पाणी द्या रे!" लोक हसले. आत्याने आपला माइक जवळ ओढला. "उतरताना कोण दमना नाय गो. तुमका आज चढूक लावतलंय, तेवां पानी जपून ठेवा." मांडवात शिट्ट्या पडल्या.

मग गजराची वेळ आली. पहिली ओळ तिने जवळजवळ कुजबुजत घेतली. कोरसने ती उचलली. ताईचा डावा हात धावू लागला, आणि आत्याची पाठ ताठ झाली. लय चढत गेली. टोपीची जागा आली. तिने तिथे खोलीत घेतली होती त्याहून वरची, त्याहून लांबची तान घेतली आणि अशी उतरली की मांडवातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. टाळ्या धरल्या गेल्या त्या गजर संपला तरी थांबेनात.

समोरच्या बुवा पेटीवरचे हात काढून उठल्या, चालत इकडे आल्या आणि माइक न घेताच म्हणाल्या, "बुवा, ही चाल कुणाची?"

"माज्या बापाशीची," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः गादीखालून टॅब काढला. आम्ही दोघंच होतो. आजोबांचा आवाज खोलीत आला, थोडा घोगरा, पण भरलेला. आत्याची बोटं चटईवर चालत होती. सूर बहुतेक सगळे जुळत होते. मग टोपी आली, आणि टोपीमागून आवाज आला: खोकल्याचा. आजोबांना ठसका लागला होता. तेवढा वेळ पखवाज एकटाच ठेका धरून होता. ठसका ओसरला आणि ते पुढच्या ओळीवर गेले.

आत्याने माझ्याकडे बघितलं. "बाबा थंय खोकले रे!" ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की शेजारीण दार लोटून बघून गेली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे ती जागा माजी."

शिमग्याला ती गावी गेली. मला रजा नव्हती. आमच्या गावच्या घरात रेंज येत नाही, म्हणून टॅबसाठीचं मेमरी कार्ड मी गावी निघालेल्या एका शेजाऱ्याबरोबर पाठवलं आणि सोबत हे पत्र दिलं:

प्रिय आत्या,

सोबतचं छोटं कार्ड टॅबच्या डाव्या बाजूच्या फटीत बसतं. सोनेरी बाजू खाली ठेव. जोर लावू नकोस, आपोआप टक्क करून बसेल.

त्यात तीन व्हिडिओ आहेत. पहिला मुका आहे. तो चुकून आलेला नाही, मुद्दाम ठेवला आहे, पुसू नकोस. दुसऱ्यात आजोबा आवाजासकट आहेत. तिसरी मानखुर्दची बारी. तिन्हींचे प्रकार मी असे केले आहेत की कुठल्याही मोबाइलवर चालतील. गावात कुणी मागितले तर दे.

तुला एक सांगायचं होतं, समोर जमलं नाही. पदवी घेतली तेव्हापासून मला वाटायचं, तू माझ्यासाठी जे केलंस त्याच्या तोडीचं माझ्या हातून तुझ्यासाठी काय होणार? ते होणारच नाही, हे मला माहीत आहे. पण तुझ्या खोलीत मी चित्र मागे-पुढे करत बसलो होतो आणि तू सूर लावत होतीस, त्या दुपारी, मी शिकलेला आहे याचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

वडिलांना दुसरा व्हिडिओ दाखवताना जवळ बस. ते बोलणार नाहीत, पण बस.

आणि एक. मुलुंडच्या मंडळाचा फोन आला होता. त्यांना तुझ्याशी डबलबारी करायची आहे. मी तुला न विचारता हो म्हटलं आहे. कुर्ल्याच्या ताई म्हणाल्या, बुवांना सांग, पखवाजला नवीन शाई लावून घेते. रागावू नकोस, लवकर ये.

तुझा भाचा