चौदाव्या ओळीतली हद्द

पाकीट आधी कुणीतरी उघडलेलं होतं. तिकडे उघडलं की इकडे, की दोन्हीकडे, ते कळत नव्हतं. एका कडेला खळ पिवळी पडली होती, दुसऱ्या कडेची ताजी होती, म्हणून दोनदा उघडलं असावं असं मी धरून चाललो. तिकिटं पाकिस्तानची, पत्ता माझा, टेमघरचा. पोस्टमन एरवी पत्र दाराच्या फटीत टाकून जायचा. त्या दिवशी मात्र त्याने हाक मारली आणि मी पाकीट हातात घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

पत्र माझ्या मेहुण्याचं होतं, बायकोच्या धाकट्या भावाचं. नव्वद सालानंतरची गोष्ट. खारबावच्या पलीकडे खाडीकाठी त्यांचं गाव. तीन पिढ्या खाडीत डोल जाळी लावणारं घर. पण कापड रंगवणाऱ्या डाइंगचं रंगीत पाणी खाडीत यायला लागलं आणि जाळ्यात माशांपेक्षा फेस जास्त दिसायला लागला, तेव्हा हा उठून सौराष्ट्रातल्या एका बंदरात ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला. दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या हंगामात सात माणसांसकट बोट पकडली गेली. बोटमालकाने आठ दिवसांनी निरोप दिला, तोही अर्धवट. बोट आपल्याच पाण्यात होती, पलीकडच्यांनी ओढून नेली, असं त्याचं म्हणणं. मालकाला बोटीच्या विम्यासाठी तसं म्हणणं भागच असणार, हे मला तेव्हाच वाटलं. पण घरी मी बोललो नाही.

मी मोजणी खात्यात भूमापक होतो. जमिनीच्या हद्दी कायम करायच्या, नकाशाशी ताडून बघायच्या, फरक आला तर परत मोजायचं. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे कोणाचंही म्हणणं एकदा ऐकून खरं मानायची सवय मला राहिली नव्हती. घरात याचा त्रास होत असे.

पत्र उर्दूत होतं. मेहुण्याला सही करण्यापुरतंच लिहिता येई, म्हणजे तुरुंगातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. आमच्या मागच्या गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहत. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. हिंदू-मुसलमान दंगलीला काही वर्षं उलटली होती, तरी अशा घरी असं पाकीट घेऊन जाताना मी आधी गल्लीत दोन्हीकडे बघितलं, आणि त्यांनीही माझ्यामागे दार ओढून घेतलं.

उर्दू मला येत नाही, पण ओळी मोजता येतात. एकोणीस होत्या. मास्तर बोट फिरवत वाचत होते आणि मी बोटाकडे बघत होतो.

"लिखा है तबीयत ठीक है. जेवायला डाळ-रोटी मिळते. अम्मा को बोलना रोना नहीं..." तेराव्या ओळीपर्यंत बोट एका चालीने गेलं. चौदाव्या ओळीवर थांबलं. मग एकदम पंधराव्या ओळीवर. "...और गाँव में सबको सलाम."

मी चहा प्यायलो, आभार मानले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगमध्ये गेलो. तिथला आझमगढकडचा मुकादम मला एका प्लॉटच्या मोजणीपासून ओळखत होता. मी पत्रावर वरून एक कोरा कागद ठेवला, खालून एक ठेवला आणि मधली फक्त चौदावी ओळ उघडी ठेवली.

"बाकी काहे ढाँके हो साहब?" तो म्हणाला. "लव-लेटर है का?"

"मेहुण्याचं आहे. तेवढंच वाच."

तो हसायचा थांबला. त्याने ओळ दोनदा वाचली. "लिखा है, हम लोग इनकी हद में आ गए थे. मुझे पता चल गया था. जाल में मिट्टी बदल गई थी. बापू को बता देना." कागद परत देताना तो म्हणाला, "हमने कुछ पढ़ा नहीं साहब, ध्यान रहे."

तसाच मी मास्तरांकडे गेलो. "मास्तर, चौदावी ओळ राहिली."

ते जराही गडबडले नाहीत. "राहिली नाही, मी ठेवली," ते म्हणाले. "तुम्ही ही चिठ्ठी पोलिसांत देणार. तर्जुमा माझ्याकडून लिहून घेणार. खाली दस्तखत कोणाचा? माझा. सरहद के पार की चिठ्ठी, वाचणारा मी, आणि आत हद्द ओलांडल्याची कबुली. पोराचंही नुकसान, माझंही."

"दोघांपैकी कोणाचं जास्त?"

"तुम्ही मोजणीवाले," ते म्हणाले. "तुम्हीच मोजा."

मला त्यांचा राग आला, पण त्यांनी कारण लपवलं नव्हतं हेही खरं होतं. पूर्ण तर्जुम्यावर सही करायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

पोलिसांचं काम असं होतं: पलीकडून पकडलेल्यांची नावं आली होती आणि तो माणूस खरोखर आपलाच आहे याचा दाखला इथून जायचा होता. तो गेल्याशिवाय सुटका नाही. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि पोलीस पाटलाचं पत्र मी आधीच दिलं होतं. आता पोलीस ठाण्यातून शिपाई येऊन गेला होता: घरी पत्र आल्याचं कळलंय, तर्जुम्यासकट घेऊन या. कोणी कळवलं, ते त्याने सांगितलं नाही.

देण्याआधी मी सासुरवाडीला गेलो, कारण ती ओळ बापूसाठी होती. सासरे ओट्यावर जाळं विणत होते. मी ओळ सांगितली. त्यांनी सुई खाली ठेवली.

"मंग त्यानं बराबर वळखलान," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं.

"मामा, काय ओळखलं?"

"गाल," ते म्हणाले, म्हणजे खाडीच्या तळाचा गाळ. "ह्या खारीत आमचा गाव आन् पल्याडचा गाव, हद्द कशी जानाची? पानी तं हलतंय, खुंट वाहून जातात. आमच्या आज्यापासून ठरलेला हाय. बांबू खाली खुपसाचा. काला गाल आला तं आपला, शिंपल्यांची रेव आली तं त्यांचा. रेवेत आमी जाला टाकत न्हाय. त्यो बी टाकनार न्हाय."

खाडीतली रीत त्याने अरबी समुद्राला लावली होती. काळा चिखल संपून जाळ्यात रेव आली, एवढ्यावरून त्याने आपण दुसऱ्याच्या देशात आहोत असं ठरवलं होतं. सरकारने नाही, बोट चालवणाऱ्या तांडेलाने नाही, बांबू खुपसणाऱ्यांच्या या पोराने.

मग मी माझ्या पद्धतीने बघायला घेतलं. कचेरीतला मोठा ॲटलास काढला. वाद कुठे आहे ते पेपरात येऊन गेलं होतं: कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची दलदलीची खाडी. आपलं म्हणणं हद्द खाडीच्या मध्यावरून जाते, त्यांचं म्हणणं पूर्वेच्या काठावरून, म्हणजे सगळी खाडी त्यांची. खाडी काही फार रुंद नाही. पण हद्दीची रेषा तिच्या मुखातून समुद्रात जाणार. सुरुवातीचा बिंदू सरकला, कोन एक अंशाने फिरला, की साठ मैलांवर फरक एक मैलाचा. पुढे आणखी. पंख्यासारखा पसरत जाणारा एक तुकडा उरतो, जो दोन्ही नकाशांत आपापला म्हणून रंगवलेला असतो. दोन गटांच्या नकाशांत असा दुहेरी तुकडा मी कितीदा बघितला होता. तिथे आम्ही दोन्ही खातेदारांना नोटीस काढतो. इथे नोटीस काढणारं कोणी नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचा कारकून ॲटलासवर वाकला. "माश्यांसाठी भांडतायत असं वाटतं का तुम्हाला? खाली तेल असणार, गॅस असणार. नाहीतर त्या चिखलासाठी कोण एवढं ताणतंय?"

"आहे का पण तेल?"

"कोणाला माहीत. असेल या संशयावरच तर सोडवत नाही."

मला ते पटलं. तळाशी काय आहे हे कुणीच बघितलेलं नव्हतं आणि सात माणसं त्यापायी आत होती.

घरी त्या ओळीवरून वाद झाला. बायकोचं म्हणणं सरळ होतं. "ती ओळ लिहू नका. मास्तरांनी सोडली, तुम्हीही सोडा. अठरा ओळी पुरेत."

"पत्र दोनदा उघडलंय. ज्यांनी उघडलं त्यांनी ओळ वाचली आहे. मी गाळली तर ते म्हणतील, घरचे काय लपवतायत?"

"हे तुमचे अंदाज. माझा भाऊ आत आहे."

"म्हणूनच."

"म्हणून नाही," ती म्हणाली. "तुमच्या वहीत खाडाखोड चालत नाही म्हणून."

एकोणीस ओळींचा तर्जुमा मी माझ्या अक्षरात लिहिला. खाली टीप दिली: उर्दू मला येत नाही, दोन व्यक्तींकडून वाचून घेतलं, चौदाव्या ओळीतली 'हद्द' ही गाळाच्या रंगावरून केलेली समजूत आहे, मोजणी नव्हे. सही फक्त माझी.

ठाण्यातल्या फौजदाराने टीप वाचली. "मग खरी हद्द कुठंय?"

"साहेब, ठरलेलीच नाही."

"मोजणी खात्यातला माणूस म्हणतो हद्द नाही?" त्याने माझं नाव, हुद्दा आणि कचेरीचा पत्ता वेगळ्या कागदावर उतरवून घेतला. तो कागद पुढे कुठे गेला ते मला कधी कळलं नाही. त्यानंतर वर्षभर कचेरीत कोणी अनोळखी माणूस आला की त्याचे बूट पोलिसाचे आहेत का ते मी आधी बघत असे.

सुटका झाली, पण सगळ्यांची एकदम नाही. पहिल्या तुकडीत त्या बोटीचे पाच जण आले. दोन राहिले, त्यांत आमचा होता. आकाशवाणीवर बातमी ऐकली, बोटमालकाकडून नावं आली, आणि बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौदावी ओळ."

मी शोध घेतला. मागे राहिलेला दुसरा खलाशी दीवकडचा होता. त्याच्या घरी पत्रच आलेलं नव्हतं, ना ओळ, ना तर्जुमा. दोघांपैकी एकाच्या कागदात कबुली आणि दुसऱ्याचा कागदच नाही, यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी ते तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढचे अकरा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या अकरा महिन्यांत मी रोज ती ओळ मनात काढून बघितली आणि परत घातली. उत्तर एकच यायचं: माहीत नाही. मास्तर गल्लीत भेटले की विचारत, "आला?" मी नाही म्हणायचो, आणि ते मान खाली घालून पुढे जायचे. त्यात दुःख होतं की 'मी सांगितलं होतं' होतं, ते मला ठरवता आलं नाही.

तो आला तेव्हा वजन निम्मं, केस पांढरे. सोडल्यावर आपल्या लोकांनीही त्याला बारा दिवस चौकशीसाठी ठेवून घेतलं होतं: तिकडे कोणी काय विचारलं, काय दिलं, काय शिकवलं. आम्ही त्याला गावी नेलं. सासू त्याचा हात सोडत नव्हती. बापूने एवढंच विचारलं, "रेव क?"

"रेवच," तो म्हणाला. "मी तांडेलाला बोललू, गाल बदलला, जाला वर घे. त्यो हसला. बोल्ला, ही काय तुझे गावची खारी हाय? म्हनून चिठ्ठीत घातला. बापूला कलाया पायजे व्हता, मी बोललू व्हतू."

म्हणजे ती कबुली नव्हतीच. बापाने शिकवलेलं पाळायला निघालो होतो, एवढाच तो निरोप होता. मास्तर, मुकादम, बायको, फौजदार, सगळ्यांपर्यंत ती ओळ गेली आणि एकालाही तसं वाटलं नाही. मलाही नाही. मी बायकोकडे बघितलं. ती भावाच्या ताटात भात वाढत होती.

जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "भावोजी, तुमी मोजनीवाले. सांगा ना मंग, आमी व्हतो कुठं? त्यांच्यात क आपल्यात?"

"दोघांच्यात," मी म्हणालो.

तो त्या उतरलेल्या तोंडाने हसला. "तरीच," तो म्हणाला. "म्हनून दोघांनी बी मारलान."

हसणं थांबल्यावर त्याने विचारलं, त्या ओळीमुळे उशीर झाला का? त्याच्या बहिणीचा ताटं उचलायचा हात थांबला. ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही अशा प्रश्नाला मी नोकरीत नेहमी एकच शेरा लिहीत आलो होतो: निश्चित करता येत नाही. तो शेरा तोंडाशी आला होता.

"झाला असेल," मी म्हणालो.