ओली पानं

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. आज तुम्हाला सांगते, पण — कुठून सुरू करू?

झुबेदापासूनच करते. औरंगाबादेत तेव्हा निजामाचं राज्य, मुलींच्या शाळेत सगळं उर्दूतून. मी वकिलाची मुलगी, ती हिमरूचं रेशमी कापड विणणाऱ्याची. घरांत दोन गल्ल्यांचं अंतर. त्या वर्षी मोठ्या बाईंनी नवंच काढलं — गुरुवारी दुपारी पुस्तकं बंद. जिला जे मनापासून करावंसं वाटतं ते तिनं करायचं, शिक्षिकांनी मधे पडायचं नाही. हैदराबादहून तपासणीला बाई येणार होत्या, त्यांना ते दाखवायचं.

मी वाळलेल्या पानांची वही केली. नीटनेटकी. एकदा बघितल्यावर पुन्हा कुणी उघडली नाही.

झुबेदानं रेशमाचे किडे पाळले. "अब्बा जन्मभर दुसऱ्यानं काढलेला धागा विणतात. मी माझ्या हातानं काढून देणार," म्हणायची. धागा दाखवलास तर पुढं शीक, नाहीतर घरी बस, असं तिचे अब्बा म्हणाले होते. हे मला ठाऊक होतं — आधीच सांगून ठेवते.

कोपऱ्यातल्या खोलीत तिचं सूप असायचं. त्यात बोटाएवढे पांढरे किडे तुतीची पानं कुरतडायचे, आणि सगळी शाळा सुपावर वाकलेली. मोठ्या बाईंनी एकदा मला तिथं बघून विचारलं, तू काय करतेस? मी तोंड उघडायच्या आत झुबेदा म्हणाली, "ही माझ्या हाताखाली आहे." हसत म्हणाली. मायेनं. मी वर्गात पहिली येणारी — पण एवढं लागायचं काय कारण होतं?

मग तिला ताप भरला. घरी जाताना मला म्हणाली, "दोन दिवस तू बघ गं. पानं पुसून टाक. गिल्ली पानं नको, मरतात ते."

मी विसरले — असं किती वर्षं मी स्वतःला सांगितलं! घाई झाली, फडकं सापडलं नाही... खोटं. मी पानं अंगणातल्या हौदात बुडवली. निथळूसुद्धा दिली नाहीत. किडे खात होते आणि मी उभी राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवली. पहिल्या दिवशी राग होता म्हणा. दुसऱ्या दिवशी काय होतं?

ती आली तेव्हा किडे काळे पडून लोळागोळा झाले होते. खोलीत वास सुटला होता. मोठ्या बाईंनी विचारलं, ओली पानं पडली का? मी शेजारीच होते. झुबेदानं माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. "मीच जाताना टाकली असतील. तापात कळलं नाय मला." बाहेर आल्यावर रडली. "मेरेच हाथ को बरकत नई गं." मी तिचे डोळे पुसले. हो, मीच.

तपासणीच्या बाईंनी माझ्या वहीला शाबासकी दिली. महिन्याभरात झुबेदाचं नाव शाळेतून काढलं. मी दर शुक्रवारी तिच्या घरी जाऊन धडे सांगू लागले. वकिलाची पोर लई मनाची, असं गल्लीत म्हणत. ते मी ऐकून घेतलं — आवडलंही मला. दोन महिन्यांनी तिनंच वही मिटली. "बस कर. मागाच्या कांड्या भरायच्या पडल्यात. अब्बा खोळंबतात."

पुढं तिचं लग्न त्याच गल्लीत झालं. दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. तोवर खरं सांगायला नऊ वर्षं होती माझ्याजवळ. दर ईदेला शीरखुर्मा घेऊन यायची. ओट्यावर आम्ही दोघीच. बोलता बोलता ती वाटी माझ्यापुढं सरकवायची, आणि मला वाटायचं — आता. आत्ताच. मग मी वाटी उचलायचे आणि म्हणायचे, साखर अगदी बेताची पडलीय हं.