निवळ्यांची हजेरी

लातुरात ज्या काळी गल्लोगल्ली हुशारीच्या जाहिराती लागत आणि बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकांत झळकत, त्या काळातला लातुरातला सगळ्यात हुशार माणूस चौथी नापास होता आणि तो आमचा घरमालक होता. हे मी आज छातीठोकपणे सांगतो. तेव्हा मात्र मी त्यांना पक्के चक्रम समजत होतो, आणि माझ्याबरोबर राहणारी आणखी अकरा पोरंही. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांचा बापजाद्यांपासूनचा धंदा विहिरी उपसायचा. आत उतरायचं, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी तो सोडला, आणि भूकंपानंतरच्या वर्षांत शिकायला येणाऱ्या पोरांची शहरात रीघ लागली तेव्हा अंगणातल्या विहिरीभोवती चार खोल्या बांधून आम्हाला ठेवून घेतलं. आमची नावं लक्षात ठेवायच्या फंदात ते पडले नाहीत. मी नायगावचा म्हणून ‘नायगाव’, माझा खोलीतला जोडीदार ‘भोकर’. एकाच गावची दोन पोरं आली तर दुसऱ्याला ते खोलीच द्यायचे नाहीत, घोटाळा नको म्हणून.

सकाळी आमच्या क्लासात पोरांची हजेरी व्हायची, त्याआधी चाचांच्या विहिरीत किड्यांची हजेरी व्हायची. पहाटेची, फज्रची नमाज आटोपून आले की ते विहिरीच्या पायरीवर उकिडवे बसत आणि ती पुरी होईपर्यंत कोणी बादली सोडायची नाही, असा कायदा होता. आधी मासे, मग कपारीतला बेडूक आणि शेवटी निवळ्या, म्हणजे पाण्यावर लांब पाय टाकून घसरत चालणारे ते बारके किडे. निवळ्यांवर त्यांचा फार जीव. “पानी त्यांना उचलून धरतंय तोवर पानी सरळ हाय,” ते म्हणत. “साबनाचं, मोरीचं पानी मिसळलं की त्यांचे पाय बुडतेत. आपल्याला दिसायच्या आधी त्यांना कळतंय.” एकदा मी शहाणपणाने म्हटलं, की चाचा, आम्हाला बारावीला बेडूक आहे, त्याचं सगळं माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की विचारू नका. “तुमच्या सरांनी बेडूक फाडायला शिकवला, नायगाव. ऐकायला न्हाई शिकवला.”

त्यांची आणखी एक खोड होती. ‘सगळं ठीक आहे’ हे साधं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. माझे वडील नायगावहून आले की रिवाजाप्रमाणे विचारत, “काय चाचा, सगळं ठीक?” तर उत्तर ठरलेलं: “पानी ठीक हाय. बाकीचं मला माहीत न्हाई.” जावयाने विचारलं तरी हेच. खुद्द त्यांच्या नातीच्या लग्नात व्याह्यांनी मोठ्या अदबीने विचारलं, तेव्हाही भर मांडवात त्यांनी पाण्याचीच खुशाली सांगितली. आम्ही त्यांची नक्कल करायचो. पेपर कसा गेला असं कोणी विचारलं की बाराही जण एका सुरात म्हणायचो, पानी ठीक हाय.

बारावीच्या परीक्षेला महिना-सव्वा महिना राहिला असताना एका सकाळी निवळ्या गैरहजर निघाल्या. एकही नाही. मासे वर येऊन तोंड उघडत होते आणि बेडूक पाणी सोडून वरच्या पायरीवर येऊन बसला होता. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ, वास नाही की गढूळपणा नाही. चाचांनी विहिरीवरची लोखंडी जाळी ओढली आणि कुलूप ठोकलं.

आम्ही कावलो. एकेक तास मोजून अभ्यास चाललेला, आणि इथे आंघोळीला पाणी नाही. भोकर तर तणतणत त्यांच्या दारात गेला. “चाचा, किड्यांपायी आमचं वरीस घालवता का?”

“किडे गेले म्हणून तुझं वरीस वाचवून राहिलो,” चाचा म्हणाले आणि हातगाडीवर पिंपं बांधायला लागले. दोन गल्ल्या पलीकडे, मशिदीजवळच्या विहिरीपाशी ते आधी तासभर नुसते बसले, तिथली हजेरी घेतली, मगच पाणी भरलं. त्या दिवसापासून गेलेल्या गुडघ्यांनिशी ते सकाळ-संध्याकाळ बारा पोरांचं पाणी ओढू लागले. शेजारच्या नव्या वसतिगृहाची विहीर आमच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या मालकालाही ते सांगून आले. तो हसला. “चाचा, किडे न्हाईत हे चांगलंच हाय की,” म्हणाला. खोटं कशाला सांगू, मलाही त्याचंच पटलं. मी घरी पत्र लिहिलं की मालक भ्रमिष्ट झाला आहे, मला दुसरी खोली बघा.

दुसरी खोली मिळायच्या आत, तीनेक आठवड्यांत, शेजारच्या वसतिगृहात कावीळ शिरली. पिवळ्या डोळ्यांची पोरं एकेक करून वह्या-पुस्तकांसकट गावाकडे जाऊ लागली, आणि त्यांचं वर्ष तिथेच संपलं. मग गल्ली खणली. नव्याने टाकलेला मैल्याचा पाइप फुटून दोन्ही विहिरींकडे झिरपत होता. आमच्यातली बाराच्या बारा पोरं परीक्षेला बसली. गल्लीतले लोक चाचांना बघायला आले, कोणी हारसुद्धा आणला. चाचांनी हार घेतला नाही. शेजारी राहिलेल्या पोरांसाठी त्यांनी हातगाडीवर आणखी एक पिंप चढवलं, एवढंच. त्या गाडीला मागून धक्का देताना मला जो अभिमान वाटला, तो पुढे माझ्या निकालाच्या दिवशीही वाटला नाही.

शेवटचा पेपर देऊन आलो तेव्हा मी त्यांना म्हटलं, “चाचा, आता तरी म्हणा, सगळं ठीक आहे.”

त्यांनी जाळीचं कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाले, “किल्लारीच्या बाजूला माझी आपा, थोरली भैन, दिली होती. भूकंपाच्या आधी आठ दिवस तिची विहीर उपसून आलो. मासे होते, बेडूक होते, निवळ्या होत्या. निघताना म्हणलो, आपा, सगळं ठीक हाय, निवांत झोप.” ते पुढे म्हणाले, “लोक इचारतेत, चाचा, तुमच्या किड्यांनी भूकंपाचं कसं न्हाई सांगितलं? आरे, ते पान्याचं सांगतेत. जमिनीचं मी माझ्या मनानं बोललो.”

आम्ही ज्या वाक्याची वर्षभर टिंगल केली, त्याचा अर्थ तेव्हा कळला. मला फार लाज वाटली.

मी आता नांदेडला डॉक्टर आहे. चाचा एकदाच माझ्याकडे आले, मोतीबिंदू दाखवायला, आणि तेवढंच येणं झालं. पुढच्या वर्षी ते गेले. माझ्या परसात एक दगडी हौद आहे. त्या भेटीत माझी सहा वर्षांची मुलगी त्यांचं बोट धरून त्यांना तिथे घेऊन गेली आणि तिने रोजच्यासारखी हजेरी सुरू केली: मासे आले, बेडूक आला, निवळ्या सात. चाचांना धड दिसत नव्हतं. ते पाण्याजवळ उकिडवे बसले आणि तिचं मोजणं कान देऊन ऐकत राहिले. तिने मग तिच्या आजोबांकडून उचललेल्या मोठ्या माणसाच्या थाटात विचारलं, “काय चाचा, सगळं ठीक?”

मी पुढे होऊन तिला गप्प करणार होतो. पण चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“हाव बेटा,” ते म्हणाले. “सगळं ठीक हाय.”