फळीवरचा लाल विंचू

आईला विंचू चावला तेव्हा मी वाळूजला कंपनीत होते. गावाकडं, लासूर स्टेशनच्या पुढं, चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या ओढताना तिच्या हाताला लाल विंचवानं नांगी मारली. काळा एकवेळ परवडला, लाल जिवावर उठतो. रात्रभर दवाखान्यात ठेवलं, इंजेक्शनं झाली, माझा जीव टांगणीला. आणि घरी आल्यावर बाई म्हणते काय, तर बोटं मोकळी झाली. संधिवातानं आखडलेली बोटं ती. गोळ्या सोसत नाहीत, भाकरी थापणं तर कधीच सुटलेलं. त्या आठवड्यात तिनं थापल्या. मीही पोटभर खाल्ल्या.

मग बोटं पुन्हा आखडली आणि आई दगड उलटायला लागली. शेजारीण फोनवर सांगायची, तुझी आई चिमटा घेऊन बांधावर फिरतीय. मशीनवर उभी राहून माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. तिनं फोन उचलला नाही की हातातलं काम तसंच टाकून मी बाहेर पळायची, सुपरवायझरची बोलणी खायची. एका रविवारी गेले, तर फळीवर मिठाच्या डब्याशेजारी बरणीत लाल विंचू. झाकणाला भोकं पाडलेली, म्हणजे पाहुण्याची सोय चोख. माझं डोकंच फिरलं. अंगणात नेऊन चपलेनं ठेचला आणि आईला शहरात डॉक्टरीणबाईंकडं घेऊन आले.

बाईंनी तिला वेड्यात काढलं नाही. म्हणाल्या, विंचू, साप, मधमाशी यांच्या विषात दुखणं आणि सूज कमी करणारं काही मिळतं का, याचा शोध चालू आहे. पण विष म्हणजे खिचडी. त्यातलं एक दुखणं शमवेल, तर दुसरं काळीज बंद पाडेल. नेमकं ते एक निवडून त्याची गोळी व्हायला कैक वर्षं जातील, आणि होईलच असंही नाही. शिवाय बोटं त्या इंजेक्शनांनीही सुटली असतील.

आई मान हलवत ऐकत होती. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. तेवढ्यात तिनं दोन्ही वाकडे हात टेबलावर ठेवले.

"तुमची गोळी यायला लई वर्सं लागतील म्हनता. तवर ह्या हातांचं मी काय करू?"

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. खरं सांगते, ठेचलेल्या त्या विंचवाबद्दल मला हळहळ वाटली.