मायच्या तोंडाचा फोटो

माणसाचं शरीर ही त्याची स्वतःची मिळकत आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाचाही हक्क नाही. हे मी फार गंभीरपणे मानत आलो. पुस्तकांत वाचलं होतं, सभांमध्ये ऐकलं होतं, एका जयंतीला स्वतः माईकवरून बोललोही होतो. वाळूजच्या आमच्या कारखान्यात, कँटीनच्या दारात उभ्या असलेल्या एका गृहस्थानं ती समजूत दोन सेकंदांत मोडून दिली. त्याच्या हातात शिंप्याची टेप होती. त्यानं माझा शर्ट स्वतःच वर केला, टेप गुंडाळली आणि टेबलाकडं तोंड करून ओरडला, "एकशे चार सेंटिमीटर! पिवळा!"

माझ्या मनगटावर पिवळा पट्टा चढला. लग्नात कंकण बांधतात तितक्याच उत्साहानं.

मागं रफिकभाई उभे होते. वेल्डिंगला आहेत, माझ्याबरोबरच लागलेले. म्हणाले, "ये कमर नाप रैं क्या बकरा देख रैं? अब दांत भी देखेंगे, देख लेना."

आम्ही हसलो. तासाभरात कंपनीच्या लोकांनी खरंच दात पाहिले. माझे नाही.

झालं होतं असं. आरोग्य विम्याचा हप्ता ज्याच्या त्याच्या सवयी बघून ठरेल, असा कंपनीनं नियम केला. चांगल्या सवयींना हिरवा पट्टा आणि जुनाच हप्ता. मधल्यांना पिवळा. वाईट सवयींना लाल, आणि पगारातून जास्तीची कपात. त्यासाठी चार पानी फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता, 'आपण रोज सलग सात तास झोपता का?' मी प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर आहे. माझी पाळी दर आठवड्याला बदलते, आणि ती कंपनीच बदलते. मी खरं ते लिहिलं. माझे गुण कापले गेले. माझी झोप ज्यांनी नेली, त्यांनीच ती सांभाळली नाही म्हणून मला दंड केला.

दारूच्या प्रश्नाला तीन उत्तरं होती: कधीच नाही, सामाजिक प्रसंगी, रोज. सामाजिक प्रसंगाला माफी होती. तंबाखूला मात्र सामाजिक प्रसंग नव्हता. फॉर्म कुणी बनवला असेल ते मला तिथंच कळलं. अधिकाऱ्यांचा विमा वेगळा. त्यांची तपासणी एका मोठ्या दवाखान्यात, पडद्याआड. साहेबांच्या कमरेचा आकडा हा कंपनीचा गोपनीय दस्तऐवज असावा.

विम्यात आई-वडलांचं नाव असेल तर त्यांनाही तपासणीला आणायचं होतं. रविवारी 'कुटुंब आरोग्य मेळावा'. माझे वडील नाहीत. माय आहे, पुंडलिकनगरला माझ्याकडंच असते. तिच्या पित्ताशयात खडे होते आणि पुढच्या महिन्यात विम्यावर ऑपरेशन ठरलं होतं. म्हणून तिला नेलं.

मायनं ठेवणीतलं निळं लुगडं काढलं. बावीस वर्षं मी जिथं जातो ती जागा ती पहिल्यांदाच बघणार होती. स्कूटरवर मागून विचारत होती, "तुझ्या सायबाला जयभीम घालू का नमस्कार?"

"काहीच घालू नको. तो येणार नाही."

"मग आपल्याला बोलावलं कुनी?"



कँटीनमध्ये फुगे लावले होते. मेळाव्याच्या प्रमुख म्हणजे वेलनेस मॅडम. मुख्य कार्यालयातून आलेल्या, वय तिशीचं, आवाज गोड, हातात माईक. त्यांनी मायला खुर्चीवर बसवलं आणि जिभेवर कागदाची एक पट्टी ठेवली. थुंकीत तंबाखू आहे का, ते त्या पट्टीवर कळतं. रेघ उमटली.

मॅडमनी माझा फॉर्म पाहिला. 'कुटुंबात कुणी तंबाखूचं सेवन करतं का?' त्यापुढं माझ्या अक्षरात होतं, 'नाही'.

"आजी, तंबाखू खाता ना?" माईक चालूच होता.

"नाय वो बाई. पान सुदीक खात नाय मी."

"मग हे काय?"

"मी निस्ती मिश्री लावती. दात घासती."

लोक हसले. मॅडमही हसल्या. "आजी, या वयात खोटं बोलायचं नसतं."

आता मिश्रीचं सांगतो. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच ती. पण आमच्या घरात, आमच्या गल्लीत, तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. तंबाखू पुरुष मळतात. मिश्री बाया लावतात, दात घासायला. मी शेकड्यानं पुस्तकं वाचलेला माणूस, फॉर्म भरताना माझ्या हातूनही 'नाही' असंच लिहिलं गेलं. लपवायचं मनातही आलं नाही. मायची मिश्री सुटावी म्हणून मी तिच्याशी दहा वर्षं भांडलोय. तरी तंबाखूच्या रकान्यात मला ती आठवली नाही.

मायला ही सवय लासूर स्टेशनला लागली. तिचे वडील बाजारात पोती उचलायचे, माय आडत्याच्या दुकानापुढं धान्य चाळायची. दुपारी खायला असेलच असं नाही. मिश्री लावली की भूक मरते, हे तिला बरोबरच्या बायांनी शिकवलं. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. हे फॉर्ममध्ये विचारलं नव्हतं.

"तोंड उघडा. मोठ्ठं. आणखी."

मायनं उघडलं. मॅडमनी मोबाईलचा दिवा आत मारला आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल लावला. म्हणाल्या, "ईऽऽ, बापरे." मग बाजूच्या माणसाला म्हणाल्या, "याचा एक फोटो घ्या. स्लाइडसाठी छान आहे." आणि माझ्याकडं बघून, अगदी समजुतीनं, "तुम्ही लोक शिकता, नोकरीला लागता, पण घरातल्या सवयी तशाच राहतात."

तुम्ही लोक. मी शाळेत ऐकलं होतं हे. इतक्या गोड आवाजात मात्र पहिल्यांदाच.

मी काय केलं? मायची पिशवी धरून उभा राहिलो. एवढंच केलं. तोंडात शब्द होते, एरवी माझ्या तोंडात शब्दांची टंचाई नसते. पण पुढच्या महिन्यातलं ऑपरेशन डोळ्यांपुढं होतं आणि मी गप्प बसलो. मायचं तोंड तेवढा वेळ उघडंच. कुणीतरी 'झालं' म्हणायची ती वाट बघत होती. तिच्या मनगटाला लाल पट्टा बांधला. तिला वाटलं, बक्षीस.

परत जाताना म्हणाली, "फोटू कशाला काढला रं?"

"डॉक्टरला दाखवायला."

"चांगलं झालं मग."



मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनचा टीव्ही लागला. त्यावर कंपनीच्या सूचना येतात. सुरक्षेची शपथ झाली, कुणाचा तरी वाढदिवस झाला आणि मग पडदाभर एक तोंड आलं. काळ्या हिरड्या, पडलेले दात, जिभेवर लाळ. वर लिहिलेलं: 'वाईट सवयींची किंमत सर्वांनी का मोजायची?' डोळे कापले होते, ओळख पटू नये म्हणून. हनुवटी राहिली होती. हनुवटीवर गोंदलेले तीन हिरवे ठिपके.

चारशे माणसं जेवत होती. कुणीतरी म्हणालं, "जेवताना कशाला दाखवतेत रे हे घाण?" त्याची चूक नव्हती. तो कुणाविषयी बोलतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. रफिकभाईंना ठाऊक होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

मला राग आधी आला नाही. आधी किळस आली. मायच्या तोंडाची नाही. त्या तोंडानं चावून दिलेला घास मी खाल्लाय. किळस आली त्या नीटनेटक्या अक्षरांची, स्लाइडच्या कडेला काढलेल्या हिरव्या पानाची, आणि सगळ्यात जास्त रविवारी पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाची.

मी उठलो, खुर्ची भिंतीला लावली, वर चढलो आणि टीव्हीची वायर उपटली.

मग म्हणालो, "ही माझी माय आहे."

एवढंच. भाषण नाही. पॅकिंगच्या टेबलावरून लताबाई उठल्या. माझ्याहून वयानं मोठ्या. म्हणाल्या, "मी बी मिश्री लावती. माझा बी काढा म्हणावं फोटू." आणि खाली बसून परत जेवायला लागल्या.

दुपारी बोलावणं आलं. खोलीत मॅडम आणि कार्मिक विभागाचे साहेब. पाणी दिलं. मग एक कागद पुढं केला. त्यावर दोन वाक्यं होती. पहिलं, आईच्या व्यसनाची माहिती मी जाणूनबुजून लपवली. दुसरं, तिचा फोटो प्रबोधनासाठी वापरायला माझी संमती आहे. खाली तारीख आधीच टाकलेली होती. मेळाव्याच्या आदल्या दिवसाची.

साहेब म्हणाले, "सही करा, विषय संपला. वायरचंही आम्ही काढणार नाही. हप्ता थोडा वाढेल, पण आईंचं ऑपरेशन होऊन जाईल."

"आणि नाही केली तर?"

"चुकीच्या माहितीमुळं आईंचं नाव पॉलिसीतून कमी होईल. नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

मी म्हणालो, "मिश्री वाईट आहे, मला मान्य आहे. फॉर्ममध्ये चुकलो, तेही लिहून देतो. लपवलं असं लिहिणार नाही. आणि तिचं तोंड तुम्हाला देणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही भावनिक होताय."

"हो," मी म्हणालो. त्याला फॉर्ममध्ये किती गुण कापतात, हे विचारायचं राहून गेलं.

घरी मायला सगळं सांगितलं. फोटोचंही. तिनं लुगड्याचा काठ चाचपला. मग म्हणाली, "कर की बाबा सही. मला खोटारडी म्हनल्यानं माझं काय जातंय?"

"माझं जातंय."

"लई शिकलास तू," ती म्हणाली. हे कौतुक नव्हतं.

पंधरा दिवसांत पत्र आलं. नाव कमी झालं. सरकारी दवाखान्यात नंबर लावला, ऑपरेशनला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मायला दोनदा कळ आली. एकदा ती फरशीवर लोळली, माझा हात तिच्या मुठीत होता आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. मी ठाम राहिलो याचा अर्थ ती लोळली. हे मी कुणापासून लपवत नाही. मायची मिश्री अजून सुटलेली नाही. माझी कंबर आता एकशे सहा आहे.

यंदा पुन्हा फॉर्म आला, पुन्हा फुगे लागले. मी गेलो नाही. कामगार आयुक्तांकडं लेखी तक्रार दिली आहे, तिच्यावर माझ्या सहीखाली लताबाईंची आणि पॅकिंगच्या आणखी सहा जणींची सही आहे. रफिकभाईंनी उर्दूत केली आहे. माझी कंबर, माझी झोप, माझ्या मायचं तोंड, यांतलं काहीही मी डॉक्टरशिवाय दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. विमा गेला तरी नाही, नोकरी गेली तरी नाही. आणि पुन्हा कधी पिशवी धरून उभा राहणार नाही.

मेळाव्याच्या यादीत माझ्या नावापुढं त्यांनी 'संपर्क होऊ शकला नाही' अशी नोंद केली आहे. पाळी कोणतीही असो, मी रोज त्यांच्याच गेटवरच्या यंत्रावर बोट टेकवून आत जातो.